आधी डोळा, मग नाणं

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या तिशीतल्या एका मुलाने विचारलंय: "काका, आजोबांच्या पितळी डब्यात ४० नाणी मिळाली आणि नाद लागला. वर्षभरात ऑनलाइन आणि जुन्या बाजारातून आणखी ३०० घेतली. परवा सगळी सतरंजीवर मांडली, तर कुणाला दाखवावीत अशी त्यात पाच-सहाच निघाली. पगारातून महिन्याला ३००० रुपये बाजूला काढू शकतो. गायकवाडी नाणी आणि चांदीचे रुपये यांचा संग्रह सावकाश, पण चांगल्या दर्जाचा करायचाय. सुरुवात कुठून करू?"

अरे, सुरुवात तू केलीयस. ३०० मध्ये पाच-सहाच बरी, हे तुला कुणी येऊन सांगितलं नाही, तुझं तुलाच दिसलं. पुष्कळांना ते दहा-दहा वर्षं दिसत नाही. आता पुढचे सहा महिने एकही नाणं विकत घेऊ नकोस. पैसे साठू दे. या सहा महिन्यांत नुसती नाणी बघायची, आणि तीही एकाच प्रकारची.

त्यासाठी मी पाचव्या जॉर्जचा रुपया सुचवतो. १९११ ते १९२२ या काळातला. तो भरपूर मिळतो, कुठल्याही सराफाकडे पाच-पंचवीस पडलेले असतात, आणि त्याच्यावर बारीक काम इतकं आहे की झीज कुठे आणि किती झाली ते लगेच समजतं. मांडवीपासून घडियाळी पोळापर्यंत ज्या सराफांशी तुझ्या घरच्यांची ओळख असेल त्यांच्याकडे जा आणि स्पष्ट सांग, "आज घ्यायचं नाही, शिकायचंय, बघू द्याल का?" दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बहुतेक जण वाटी पुढे सरकवतात. मी असाच शिकलो.

त्या वाटीतले वीस रुपये एका ओळीत लाव. मग राजाच्या भुवईकडे बघ, मिशीकडे बघ, कानाच्या पाळीकडे बघ, मुकुटातल्या खड्यांकडे बघ. नाण्याचा जो भाग सगळ्यात उंच तो सगळ्यात आधी झिजतो. भुवई आधी जाते, मग मिशीचे केस एकमेकांत मिसळतात, मग मुकुटातले मोती सपाट होतात. वीसातल्या एखाद्यावर भुवईचा केस न् केस दिसेल. तो बाजूला काढ आणि बाकीचे एकोणीस त्याच्याशी ताडून बघ. एका दुपारी तुला जे कळेल ते मी दहा पानं लिहून कळणार नाही.

राजाच्या झग्यावर छातीशी एक साखळी आहे, तिच्यात एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्या हत्तीची सोंड आखूड आणि पाय बुटके पडले, आणि लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात त्यावरून मोठी नाराजी झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. म्हणून १९११ च्या रुपयाला आजही डुकराचा रुपया म्हणतात आणि त्याला भावही जास्त मिळतो. तुझ्या डोळ्याला यासारखा दुसरा धडा नाही. १९११ चा आणि १९१२ चा शेजारी शेजारी ठेव, भिंगातून फक्त तो हत्ती बघ. सोंडेचं टोक कुठे संपतं, पाठीची रेघ कशी उतरते. दोन्हींतला फरक तुला वर्ष न वाचता सांगता यायला लागला की समज, डोळा बसतोय. भिंग ५ पटीचं पुरे. १० पटीचं घेतलंस तर प्रत्येक नाणं खराब वाटायला लागेल.

आता या सगळ्यातली कळीची गोष्ट, जिच्यावर माझ्या मते चांगला संग्रह उभा राहतो. नाण्यावरचं काम अस्पष्ट दिसण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात: ते वापरून झिजलेलं असतं, टाकसाळीतच ठसा हलका पडलेला असतो, किंवा नंतर कुणीतरी घासलेलं असतं. वरवर तिन्ही सारखी दिसतात. भावात आणि दर्जात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ओळखायचं उजेडावरून. नाणं कडेला धरायचं, अंगठा आणि तर्जनीमध्ये, तोंडावर बोट लावायचं नाही. खाली मऊ कापड हवं. वर एकच दिवा, बाकीचे बंद. मग नाणं हळूहळू कलतं करायचं. टाकसाळीतून निघाल्यावर ज्याला फारसा हात लागलेला नाही, त्याच्या पृष्ठभागावर उजेडाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. ठसा मारताना धातू आतून बाहेर सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांच्यामुळे हे होतं. ठसा हलका असेल तर भुवई दिसणार नाही, पण त्या सपाट जागेवरूनही ती पट्टी फिरताना दिसेल. झिजलेलं असेल तर पट्टी खोलगट भागात फिरेल आणि उंचवट्यावर येऊन विझेल. तिथला रंगही आजूबाजूपेक्षा मळकट, करडा असतो. आणि घासलेलं असेल तर सगळीकडे एकसारखी, मेलेली चकाकी, नवीन चमच्यासारखी. भिंग लावलंस की सगळ्या दिशांना जाणारे केसासारखे ओरखडे दिसतात. आपल्याकडचे व्यापारी गुजरातीत त्याला सरळ 'धोयेलो', म्हणजे धुतलेला, म्हणतात. नाण्यांच्या बाजारात याहून वाईट शब्द नाही.

मी हे किंमत मोजून शिकलो. २३ वर्षांचा होतो. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका जुन्या घरातून मला सयाजीराव महाराजांचा मुखवट्याचा, म्हणजे त्यांचा चेहरा कोरलेला, रुपया मिळाला होता. कित्येक वर्षं लाकडी पेटीत पडून होता. कडेला निळसर-जांभळा, मध्ये राखाडी, त्यात सोनेरी छटा. मला तो काळा पडलेला वाटला. आईने देवाची भांडी घासायला काढली होती, त्याच चिंचेने आणि राखेने मी तो लखलखीत केला. आठ दिवसांनी मोठ्या आनंदाने एका जाणत्या गृहस्थांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेतला, दिव्याखाली एकदाच फिरवला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "शंभर वर्षांनी जो रंग चढवला होता तो तू दहा मिनिटांत उतरवलास." तो रुपया अजून माझ्याकडे आहे. पगडीच्या घड्या अजून शाबूत आहेत, पण कातडी गेलेली आहे. नवीन कुणी शिकायला आलं की मी त्याला तो आधी दाखवतो.

म्हणून काळेपणाला भिऊ नकोस. चांदीवर हवेतल्या गंधकाने सावकाश जो थर चढतो तो पातळ आणि सलग असेल तर ते नाण्याचं संरक्षण आहे, आणि बाजारात त्याला मान आहे. तेलकट मळ असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवून, न चोळता, सुकवता येतं; ॲसिटोन धातूला काही करत नाही. मात्र ते पटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. त्यापलीकडे काही करायचं नाही. लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, भांड्याची पावडर नाही, सराफाकडचं चांदी धुण्याचं पाणी तर नाहीच.

गायकवाडी नाण्यांकडे येतो, कारण तुझा खरा जीव तिथे आहे आणि बडोद्यात राहून तो नसता तरच नवल. इथे दर्जाची व्याख्याच बदलते, आणि यंत्राने पाडलेल्या रुपयांवर शिकलेली माणसं नेमकी इथे चुकतात.

बडोद्याचा बाबाशाही रुपया हाताने पाडलेला. चांदीची जाड चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठशावर फारसी मजकूर पूर्ण कोरलेला असे, पण ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे कुठल्याही एका नाण्यावर सगळा मजकूर मावत नाही. एकाच ठशातून निघालेल्या दोन नाण्यांवर मजकुराचे वेगवेगळे तुकडे दिसतात. इथे चकाकी शोधत बसलास तर हाती काही लागणार नाही. शोधायचं ते हे, की त्या लहानशा चकतीवर नेमकं काय उतरलंय.

या नाण्यांची गंमत बघ. दिल्लीचा बादशहा दुसरा अकबर १८३७ मध्ये वारला, पण बडोद्याच्या टाकसाळीत त्याच्या नावाचे रुपये पुढे वीसेक वर्षं पडत राहिले. गादीवर कोण आहे ते कळायचं एका नागरी अक्षरावरून. गणपतराव महाराजांचा 'ग', खंडेराव महाराजांचा 'ख', मल्हारराव महाराजांचा 'म'. सत्तावन्न उलटलं, मोगल पातशाही संपली, आणि मग खंडेरावांच्या रुपयावर बादशहाचं नाव जाऊन गायकवाडांचा स्वतःचा किताब आला: सेनाखासखेल समशेर बहादूर. बरोबर वाकडी तलवार. सत्ता कशी हलली ते त्या एवढ्याशा चांदीवर वाचता येतं.

आता विचार कर, तुझ्या हातात दोन बाबाशाही आहेत. एक झकास, जाड, अक्षरं उठावदार, पण 'ख' चकतीच्या बाहेर गेलाय आणि हिजरी सालाचे शेवटचे दोन आकडे कापले गेलेत. दुसरा थोडा वापरलेला, पण 'ख' पूर्ण आहे, तलवार पूर्ण आहे, आणि साल चारही आकड्यांनिशी वाचता येतं. मी डोळे मिटून दुसरा घेईन. पहिला चांदीचा सुंदर तुकडा आहे. दुसरा कुणाचा, कुठला आणि कधीचा ते स्वतः सांगतो. अक्षर, चिन्ह आणि साल तिन्ही पूर्ण, ठसा मध्यावर, आणि झीज माफक, असा खंडेरावी रुपया मला अकरा वर्षं मिळाला नाही. त्या अकरा वर्षांत 'जवळजवळ तसाच' म्हणून निदान तीस रुपये समोर आले. त्यातला एकही घेतला नाही, म्हणूनच जेव्हा मुंबईच्या एका प्रदर्शनात खरा समोर आला तेव्हा खिशात पैसे होते आणि मनात शंका नव्हती. टेबलावरून उचलला, कलता केला आणि भाव विचारायच्या आधीच ठरलं होतं.

हाताने पाडलेल्या नाण्याच्या कडेला हातोड्याने बारीक चीर जाते, ती मी माफ करतो. सराफांनी चांदी तपासायला मारलेले टोले असतात. एखादा लहान, बाजूला असलेला टोला मला खटकत नाही, तो त्या नाण्याच्या व्यवहाराचा भाग आहे. राजाच्या अक्षरावरच टोला बसला असेल तर सोडून देतो. भोक पाडलेलं मात्र कधी नाही, कितीही दुर्मीळ असलं तरी.

भोकापेक्षा घातक असते कडी. आपल्या बायकांनी रुपयांच्या माळा पिढ्यानपिढ्या गळ्यात घातल्या. त्या माळा मोडल्या की व्यापारी कडी काढून, जागा घासून, रुपया 'साफ' म्हणून पुढे करतो. म्हणून नाण्याची कड गोल फिरवून तपासल्याशिवाय पैसे काढू नकोस. विशेषतः राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, बाराच्या जागी बघ. माळेत मुखवटा सरळ दिसावा म्हणून कडी जोडायचा टाका तिथेच लावत. कडेवरच्या बारीक उभ्या रेघा एका ठिकाणी सपाट झाल्या असतील, किंवा तिथली चांदी किंचित पिवळट वाटली, तर तो टाक्याचा डाग. आजोबांच्या डब्यातही असे असतील. ते घरचे म्हणून जप, संग्रहात मात्र वेगळे ठेव.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत यंत्राने नाणी पडू लागली आणि १८९० च्या दशकात मुखवट्याचा रुपया आला. त्याच्या झिजेच्या जागा: गालाचा उंचवटा, भुवई, पगडीच्या घड्या. याच महाराजांची तांब्याची नाणी मला रुपयापेक्षाही जवळची वाटतात. घोड्याचा खूर आणि तलवार, आणि मूल्य चक्क आपल्या मराठीत लिहिलेलं, 'दोन पैसे'. गुजरातच्या मध्यभागी मराठी व्याकरणाचा पैसा. साल विक्रम संवतात असतं, त्यातून ५७ वजा केले की इसवी सन साधारण मिळतो. संवत १९४९ म्हणजे १८९२. ३००० रुपयांत सुरुवात करायला हीच उत्तम. अटी दोनच. रंग चॉकलेटी, सगळीकडे एकसारखा, अंगावर खळगे नाहीत. आणि पोपटी रंगाची भुकटी कुठेही नाही. तांब्यावरचा गडद, घट्ट हिरवा थर एक वेळ चालेल. भुरभुरणारी पोपटी पूड म्हणजे क्षाराने धातू आतून खाल्ला जातोय, आणि शेजारच्या नाण्यांजवळ ते ठेवूच नये. लालभडक तांबं दिसलं तर हरखू नकोस. शेकडा नव्याण्णव वेळा ते आम्लात धुतलेलं असतं.

नकली माल. यावर पुष्कळ लिहिता येईल, पण तुला लागेल तेवढंच सांगतो. ओतीव नाण्यावर अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर असतात, सपाट जागेत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ सापडते. ठशाने पाडलेल्यावर अक्षराची कड उभी, धारदार उठते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घे, फार महाग नसतो. व्हिक्टोरियापासून पाचव्या जॉर्जपर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. वापरलेला असेल तर थोडा कमी भरेल.

संशय आला तर पाण्याची परीक्षा कर. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेव आणि काटा शून्यावर आण. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नकोस. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूचा, त्याच वजनाचा नकली असेल तर १.३ च्या वर जाईल. चुंबकाला चिकटला तर पुढची परीक्षा करायचीही गरज नाही, मात्र १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो खरा असून चिकटतो. आणि १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, तिथे हे आकडे लावू नकोस. खऱ्या चांदीचे नकलीही निघतात. तिथे काटा काही बोलत नाही, फक्त सवयीचा डोळा बोलतो, आणि म्हणून ते सहा महिने.

तुझ्या ३०० मध्ये राम-लक्ष्मण-सीता आणि उलट्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ साल, असं काही असेल तर ते नाणं नव्हे. कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही. ही देवघरात ठेवायची टोकनं आहेत, कारखान्यात आजही निघतात. आणि 'वैष्णोदेवीचा ५ चा सिक्का द्या, १० लाख घ्या' असले फोन आले तर उचलू नकोस. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे.

पैशाचं गणित. महिन्याला ३००० म्हणजे वर्षाला ३६,०००. याची छत्तीस नाणी येतात किंवा चार-पाच. मी म्हणेन चार-पाच. झिजलेल्या जॉर्ज रुपयात १०.७ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी असते आणि त्याचा भाव चांदीला बांधलेला. चांदी पडली की तोही पडतो. ज्याच्या अंगावर मूळ तकाकी आहे तो चांदीच्या भावावर अवलंबून राहत नाही, त्याला मागणाराच दुसरा असतो. घेताना स्वतःला एकच प्रश्न विचार: हे घेतल्यावर याच जातीचं दुसरं, याहून चांगलं नाणं शोधत बसेन का? उत्तर 'हो' आलं तर ते आत्ताच घेऊ नकोस. दोनदा घेतलेल्या नाण्याला तिप्पट पैसे लागतात, कारण पहिलं विकताना तोटा होतोच.

सध्याच्या ३०० पैकी जी नकोत ती एकगठ्ठा विकून टाक. खरेदीची निम्मी किंमत आली तरी चालेल. ती तुझी शिकवणीची फी.

घाईच असेल आणि हाताला काहीतरी हवंच असेल, तर १९५० च्या आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या मालिकेचा संच कर. घोड्याचा एक पैसा, बैलाचा चौकोनी अर्धा आणा, नागमोडी कडेचा एक आणा, चौकोनी दोन आणे, आणि कणसांचे पाव, अर्धा आणि पूर्ण रुपया. सातच नाणी. कोरी मिळाली तरी खिसा फाटत नाही, आणि कोरं नाणं म्हणजे काय ते हातात राहतं.

व्यापारी एक किंवा दोनच धर. सगळ्यांशी घासाघीस करणाऱ्याला कुणीच चांगला माल दाखवत नाही. 'नकली निघालं तर परत घेईन' असं बिलावर लिहून देणारा थोडा महाग पडला तरी तोच बरा. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या परदेशी संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर खरेपणाची काळजी बरीचशी मिटते, पण दर्जाचा आकडा हे शेवटी माणसांचं त्या दिवशीचं मत असतं. हाताने पाडलेल्या संस्थानी नाण्यांवर तर मी त्या आकड्यापेक्षा माझ्या डोळ्यावर जास्त विसंबतो. लिलावात बोली लावताना, हातोडा पडून जी रक्कम ठरते तिच्यावर कमिशन आणि जीएसटी चढतो, ते धरून आकडा आधी कागदावर लिही आणि त्याच्या वर एक रुपयाही जाऊ नकोस.

ठेवायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण बडोद्यात चांगली नाणी चोरांपेक्षा पावसाने जास्त नेलीत. पहिली गोष्ट, ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं फेकून दे. ती पीव्हीसीची असतात. दोन पावसाळ्यांत त्यांच्यातून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि नाण्यावर बसतो. मायलरच्या, वास न येणाऱ्या, कडक पारदर्शक पाकिटांत ठेव. नाणं मध्ये ठेवून स्टेपल करायच्या पुठ्ठ्याच्या होल्डरात ठेवणार असशील तर स्टेपलच्या पिना सपाट ठोकून घे, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो, आणि त्या पिना गंजतातही. वर्तमानपत्र, रबरबँड आणि लाकडी पेटीचं ताजं पॉलिश यांच्यापासून चांदी लांब ठेव. सिलिका जेलच्या पुड्या घाल आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बघ. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतात.

आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नकोस. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जो पाऊस कोसळला आणि विश्वामित्री नदी चढली, त्यात माझ्या एका स्नेह्यांच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. चाळीस वर्षांचा संग्रह, पुठ्ठ्याच्या होल्डरांमध्ये, खालून दुसऱ्या कप्प्यात. नदीतल्या मगरींच्या भीतीने दोन दिवस घरात जाता आलं नाही. पुठ्ठ्याचा लगदा झाला, पिनांचा गंज तांब्यावर उतरला. आम्ही तिघांनी मिळून आठवडाभर एकेक नाणं स्वच्छ पाण्यात धुऊन, पंख्याखाली मलमलवर सुकवलं. चांदी बरीचशी वाचली. सयाजीरावांच्या पैशांपैकी निम्म्यांवर त्या दिवाळीपर्यंत पोपटी पूड धरली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला तेव्हा त्यांचं कपाट पहिल्या मजल्यावर होतं.

एक वही कर. नाणं, वजन, व्यास, कुणाकडून, कधी, कितीला, आणि दोष काय. दोष प्रामाणिकपणे लिही. बिलं तिथेच चिकटव. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. घरी ठेवायला, इथल्या इथे विकायला अडचण नाही, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. आणि जुना वाडा पाडताना निघालेला हंडा म्हणून कुणी काही पुढे केलं तर हात लावू नकोस. १८७८ चा निधीचा कायदा अजून लागू आहे; १० रुपयांहून अधिक किमतीचं जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

येत्या रविवारी सकाळी नऊला घरी ये. त्या वेळी आमच्या व्हरांड्यात उजेड तिरका येतो, नाणी बघायला त्यासारखा उजेड नाही. विकत घेतलेली ३०० आणू नकोस. आजोबांचा पितळी डबा जसा आहे तसा आण, आणि त्यातल्या नाण्यांना तोपर्यंत पाणीसुद्धा लावू नकोस. तुला त्यात जे सगळ्यात काळं आणि टाकाऊ वाटतंय ते वेगळ्या कागदात गुंडाळून आण. मला ते आधी बघायचंय.